नर्सिंग करून जर्मनीला निघताय? विमानात बसण्याआधीचं वर्ष

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोन आला. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चार वर्षं आयसीयूत काढलेली, हुशार मुलगी. म्हणाली, "ताई, माझं जर्मन भाषेचं बी-वन झालं. आता फक्त व्हिसाच राहिला ना?"

मी तिला उलट विचारलं, "एखाद्या पेशंटला तू स्वतःच्या हातांनी अंघोळ घातलीस, दात घासून दिलेस, केस विंचरून दिलेस, त्याला किती दिवस झाले?"

ती जरा थांबली. "ताई, ते मावशी करतात ना. नाहीतर नातेवाईक."

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे कामाची वाटणीच तशी आहे. मीही सहा वर्षांपूर्वी नर्स म्हणून जर्मनीत आले तेव्हा हेच उत्तर दिलं असतं. पण जर्मनीला निघालेल्या आपल्या मुलामुलींची तयारी भाषेच्या परीक्षेपाशी सुरू होते आणि व्हिसाच्या शिक्क्यापाशी संपते, हे पाहून मला काळजी वाटते. देश बदलतोच, पण त्यासोबत तुमचं काम, हुद्दा, पगाराची पायरी आणि तुम्हाला हाक मारायची पद्धतसुद्धा बदलते. त्यातलं बरंचसं निघण्याआधी, इथे महाराष्ट्रात बसून, जवळजवळ फुकट तयार करता येतं. तिकडे पोचल्यावर तेच शिकायला एक-दीड वर्ष आणि पुष्कळ रडणं लागतं.

आधी मागणी कुठून येते ते पाहू. जर्मनीत २०२३ च्या अखेरीस सुमारे ५७ लाख माणसांना सरकारी निकषांप्रमाणे नियमित शुश्रूषेची गरज होती. त्यातले बहुतेक घरीच राहतात, बाकीचे वृद्धाश्रमांत. म्हणजे मोठी गरज आयसीयूतली नाही. ऐंशी-नव्वदीच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, पाय ओढत चालणाऱ्या माणसांच्या रोजच्या जगण्यातली ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी सामंजस्य करार केला, १० हजार तरुणांचं लक्ष्य जाहीर झालं, आणि तेव्हापासून नर्सिंग कॉलेजांत जर्मनी हा शब्द रोजचा झाला. मी त्याच राज्यात काम करते. सुरुवातीची अडीच वर्षं एका वृद्धाश्रमात, आता रुग्णालयात.

वाशलापन

जर्मनीतल्या माझ्या पहिल्या सकाळची गोष्ट सांगते. साडेसहाची वेळ, एक्क्याऐंशी वर्षांच्या एक आजी, उजव्या बाजूला अर्धांगवायू. माझ्या सहकारी बाईंनी पलंगाशेजारी कोमट पाण्याचं घमेलं ठेवलं, दोन टॉवेल, आणि दोन वाशलापन. वाशलापन म्हणजे टॉवेलच्या कापडाची, हातात मोज्यासारखी घालायची छोटी पिशवी. एक तोंड आणि वरच्या अंगासाठी, दुसरी खालच्या अंगासाठी, रंग वेगळे. मी उत्साहाने पुढे झाले, पिशवी भिजवली आणि आजींचं तोंड पुसायला वाकले. बाईंनी माझा हात हलकेच धरला. "ते त्यांना स्वतःला येतं."

मग त्यांनी ती ओली पिशवी आजींच्या डाव्या हातात चढवली आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो. आजींनी कपाळ पुसलं, गाल पुसले, एक डोळा राहिला, परत पुसला. सात मिनिटं लागली. माझ्या डोक्यात आपला वॉर्ड होता: तीस पेशंट, सात मिनिटांत मी चार सलाइनं लावून आले असते.

आपल्याकडे सेवा म्हणजे पेशंटला काही करू न देणं. आपण सगळं करायचं, तेच प्रेमाचं लक्षण. तिकडे चांगली नर्स ती, जी माणसाला जेवढं येतं तेवढं त्याच्याकडूनच करवून घेते, कारण आज त्या डाव्या हाताने तोंड पुसलं नाही तर सहा महिन्यांनी तो हात चमचाही धरणार नाही. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो.

या सगळ्याला तिथे ग्रुंडफ्लेगे म्हणतात, म्हणजे मूलभूत शुश्रूषा: अंघोळ, कपडे, दात, केस, जेवण, शौच, कूस बदलणं. हे काम कमी शिकलेल्या माणसाचं, असं आपल्या मनात नकळत बसलेलं असतं. पण अंघोळीच्या त्या वीस मिनिटांत नर्स पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत तपासत असते. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून बघायचं. बोट उचलल्यावर जागा पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर बेडसोअरची पहिली पायरी. घोट्यावर सूज आहे का, काल बोलणाऱ्या आजी आज गप्प का आहेत, बाही घालताना खांदा का आखडला. हे सगळं लिहून ठेवायचं आणि त्यावरून आजची शुश्रूषा ठरवायची. आणि ती नर्सच ठरवते, डॉक्टर नाही. १ जानेवारी २०२० ला लागू झालेल्या जर्मन शुश्रूषा-व्यवसाय कायद्यानुसार पेशंटला कोणती शुश्रूषा लागेल हे ठरवणं, तिची आखणी करणं आणि तिचा दर्जा तपासणं ही कामं फक्त पात्र नर्सचीच आहेत. दुसऱ्या कुणाला ती करायला परवानगीच नाही. एवढा अधिकार आपल्याकडे मला कधी मिळाला नव्हता.

उलट बाजूही आहे. आयसीयूतल्या ज्या कौशल्यांचा तुम्हाला अभिमान आहे, नस शोधून पहिल्या झटक्यात कॅन्युला लावणं, रात्री दोन वाजता डॉक्टर येईपर्यंत निभावून नेणं, त्यातलं बरंच वृद्धाश्रमात लागतच नाही आणि रुग्णालयातही बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनी रीतसर सोपवल्याशिवाय करता येत नाही. आधीपासून माहीत नसलं तर हे अपमानासारखं लागतं. माझ्यासोबत आलेल्या एकजणीला लागलं होतं. ती पहिले तीन महिने घरी फोन करून फक्त एवढंच सांगायची, की इथे मला मावशीचं काम दिलंय.

आणखी एक उदाहरण देते, कारण पदवीला तिथे मान्यता मिळवण्याच्या परीक्षेत हमखास विचारतात. आपल्याकडे पेशंट पडू नये म्हणून पलंगाचे कठडे वर करणं ही चांगल्या नर्सची सवय. जर्मनीत पेशंटच्या संमतीशिवाय कठडे वर करणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं. माणूस संमती द्यायच्या अवस्थेत नसेल तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. मग पडण्याचा धोका कमी कसा करायचा? पलंग जमिनीलगत खाली घ्यायचा, बाजूला गादी टाकायची, न घसरणारे मोजे घालायचे, रात्री दर दोन तासांनी शौचाला विचारायचं. ही विचारांची वेगळी वाट आहे, आणि तीच शिकायची आहे.

मान्यता म्हणजे काय

जर्मनीत नर्सला फ्लेगेफाखफ्राउ म्हणतात, पुरुष असेल तर फ्लेगेफाखमान. हे नाव कायद्याने राखीव आहे. तुमची पदवी तिथल्या शिक्षणाच्या तोडीची ठरेपर्यंत ते तुम्हाला लावता येत नाही. ही तपासणी देशाचं एकच कार्यालय करत नाही. १६ राज्यांची प्राधिकरणं वेगवेगळी आहेत आणि नोकरी ज्या राज्यात, अर्ज त्या राज्यात. बाडेन-वुर्टेम्बर्गसाठी तो श्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियुममध्ये, म्हणजे विभागीय प्रशासन कार्यालयात जातो.

तिथले अधिकारी तुमचे तास मोजतात. त्यांच्या तीन वर्षांच्या शिक्षणात वर्गातले २,१०० आणि प्रत्यक्ष वॉर्डातले २,५०० तास असतात. तुमच्या मार्कशीटवर "मेडिकल सर्जिकल नर्सिंग ७२ गुण" लिहिलेलं असेल तर त्यांना त्यातून काहीच कळत नाही. त्यांना हवं असतं की या विषयाचे थिअरीचे किती तास झाले, वॉर्डात किती, कोणत्या वॉर्डात. म्हणून कॉलेजकडून तासांसहित ट्रान्सक्रिप्ट काढून घ्या, आणि हे काम सगळ्यात आधी करा. माझ्या कॉलेजला तो कागद द्यायला चार महिने लागले. कारकून वाईट नव्हते, असा कागद त्यांच्याकडे आधी कुणी मागितलाच नव्हता. शेवटी मी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम समोर ठेवून तासांचा तक्ता तयार करून नेला, त्यांनी तो आपल्या नोंदींशी ताडून सही-शिक्का दिला.

त्यासोबत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई झालेली नाही असा कौन्सिलचा दाखला), पदवी, आणि अनुभवाची पत्रं. भाषांतर कुणाकडून करून घ्यायचं आणि नक्कल कुणी साक्षांकित करायची, याचे नियम प्राधिकरणागणिक वेगळे असतात. आधी त्यांना ईमेल करून विचारा, मग पैसे खर्च करा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी पासपोर्ट, पदवी आणि नोंदणी या तिन्हींवरचं नाव जुळतंय का ते आजच बघावं. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, एवढ्यावरून अर्ज महिनोन्‌महिने अडलेले मी पाहिलेत.

अनुभवाच्या पत्राबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण इथे लोक हातचं घालवतात. "यांनी आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केले" हे पत्र बिनकामाचं. शिक्षणात जे कमी पडलं ते कामाच्या अनुभवाने भरून निघू शकतं, अशी कायद्यात तरतूद आहे. पण त्यासाठी पत्रात दिसायला हवं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक वॉर्ड, आठवड्याला इतके तास, कामाचं स्वरूप हे. राजीनामा दिल्यावर असं पत्र मिळवणं किती अवघड जातं ते तुम्हाला माहीतच आहे. नोकरीत असताना, मेट्रन चांगल्या मूडमध्ये असताना घ्या.

प्राधिकरणाचं उत्तर येतं त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. तुमच्या शिक्षणात तिथल्या मानाने काय कमी आहे, ते सांगणारं हे पत्र. नाव ऐकून मुली घाबरतात, पण हा नकार नव्हे. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्यांना हेच पत्र येतं. वृद्धांची शुश्रूषा आपल्या अभ्यासक्रमात थोडकी असल्याने तिथे हमखास उणीव निघते. ती भरून काढायचे दोन रस्ते. एक आनपासुंग्सलेरगांग, म्हणजे काम करत करत पूर्ण करायचा जुळवणीचा अभ्यासक्रम, जो कमी पडलेल्या तासांनुसार लांबतो. दुसरा केन्टनिसप्र्युफुंग, म्हणजे एक तोंडी आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा. नापास झालात तर एकदाच पुन्हा संधी. २०२४ पासून कागदांची सविस्तर तुलना नको म्हणून सरळ या दोन्हींपैकी एक रस्ता धरायचीही मुभा आहे, त्याने बराच वेळ वाचतो.

मी परीक्षेचा रस्ता घेतला होता. आज कुणी विचारलं तर ज्यांची भाषा पक्की आहे त्यांनाच तो सांगेन. प्रात्यक्षिकात खरा पेशंट असतो, त्याच्याशी बोलत, त्याची परवानगी मागत, आपण काय करतोय ते परीक्षकाला समजावत काम करायचं असतं. हात बरोबर चालले आणि तोंड बंद राहिलं तर गुण जातात.

मधला काळ आणि पैसे

पत्र आल्यापासून पूर्ण मान्यता मिळेपर्यंत तुम्ही तिथे हेल्पर असता. व्हिसाही त्याच कामासाठीचा असतो, साधारण २४ महिन्यांचा, तीन वर्षांपर्यंत वाढवता येणारा. या काळाबद्दल एजंट कधीच नीट सांगत नाहीत. ब्रोशरवर जो पगार छापलेला असतो, तो मान्यतेनंतरचा असतो.

वृद्धांच्या शुश्रूषेसाठी तिथे वेगळं किमान वेतन ठरलेलं आहे. १ जुलै २०२५ ला लागू झालेले दर असे: साध्या हेल्परला तासाला १६.१० युरो, एक वर्षाचं प्रशिक्षण झालेल्याला १७.३५, आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५०. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे सुमारे १७३ तास. म्हणजे हेल्परला महिना २,७८५ युरोच्या आसपास आणि नर्सला ३,५४५ च्या आसपास, कपातीच्या आधी. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात त्यातले साधारण सत्तर टक्के किंवा थोडे कमीच पडतात. बाकी कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा यांत जातात. खोलीचं भाडं त्यानंतर. बऱ्याच रुग्णालयांचे वेतन करार किमान दराच्या वरचे असतात, तेव्हा तुमच्या करारातला आकडा बघा. पण मान्यतेला उशीर झाला की दर महिन्याला सुमारे साडेसातशे युरोचा फरक पडतो, हे गणित डोक्यात असू द्या. घरी कर्जाचा हप्ता ठरवताना हेल्परच्या पगारावर ठरवा. आईवडिलांनाही तोच आकडा सांगा. एकदा तीन लाख महिना मिळणार म्हणून गावात सांगून झालं की नंतर पोरीला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

जर्मन मराठीतून शिका

आपल्या मुली जर्मन इंग्रजीतून शिकतात. शिक्षक इंग्रजीत समजावतात, वहीत अर्थ इंग्रजीत लिहितात, आणि अडखळतात. मी दीड वर्ष तसंच केलं. मग एक दिवस लक्षात आलं की मराठी जर्मनला पुष्कळ जवळची आहे.

जर्मनमध्ये तीन लिंगं: डेर, डी, दास. इंग्रजीवाल्याला हे विचित्र वाटतं, आपल्याला कशाला वाटावं? तो रस्ता, ती खुर्ची, ते टेबल आपण जन्मापासून म्हणतो. कोणत्या शब्दाला कोणतं लिंग ते पाठ करावंच लागतं, पण असं असू शकतं हे समजायला वेळ लागत नाही. दू आणि झी यांतला फरक म्हणजे तू आणि तुम्ही. पेशंटला कायम झी. नव्वदीच्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना लाडाने दू म्हणणं तिथे अनादर, जसं अनोळखी आजोबांना "ए, तू बस रे" म्हणणं.

आकडे बघा. पंच्याऐंशीला जर्मन म्हणतात फ्युन्फ-उंट-आख्त्सिश, पाच आणि ऐंशी. एकवीस म्हणजे आइन-उंट-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस. आपल्यासारखंच एकक आधी. इंग्रजीतून विचार करणारी मुलगी फोनवर ऐकलेलं ८५ हमखास ५८ लिहिते, आणि हे रक्तदाबाच्या किंवा इन्सुलिनच्या बाबतीत झालं तर काय होईल ते सांगायला नको. मराठीतून ऐका, चूक होणार नाही.

वाक्यरचनेचंही तसंच. "कारण पेशंटला आज वेदना आहेत." जर्मनमध्ये: वाइल डेर पात्सिएंट हॉयटे श्मेर्त्सन हाट. वाइल म्हणजे कारण, डेर पात्सिएंट पेशंटला, हॉयटे आज, श्मेर्त्सन वेदना, हाट आहेत. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी. सगळीच वाक्यं अशी जुळत नाहीत, पण अशा जोडवाक्यांत आपण इंग्रजीचा वळसा कशाला घ्यायचा?

बी-वनवर व्हिसा मिळू शकतो. पूर्ण मान्यतेसाठी मात्र बहुतेक राज्यं त्याच्या वरची पायरी, बी-टू मागतात. माझं ठाम मत आहे की बी-टू इथेच, पुण्या-मुंबईत किंवा जिथे क्लास असेल तिथे करून निघावं. तिकडे शिफ्ट करून दमल्यावर संध्याकाळी वही उघडवत नाही. जर्मन सरकारच्या पाठबळावर चालणारी ग्योटे इन्स्टिट्यूट भारतात मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाते. पुण्यात आणि मुंबईत तिची केंद्रं आहेत. तिच्या बी-वन, बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे भाग स्वतंत्र देता येतात. एखादा राहिला तर तेवढाच परत द्या. निघणाऱ्यांसाठी तिथे मोफत माहितीचे वर्गही असतात, त्याची चौकशी करा.

आणि परीक्षेच्या पलीकडची भाषाही असते. माझ्या भागातले म्हातारे लोक श्वेबिश बोली बोलतात. एका आजोबांनी मला सांगितलं, टेपिश द्या. शिकलेल्या जर्मनमध्ये टेपिश म्हणजे सतरंजी, गालिचा. मी जमिनीकडे बघत राहिले. त्यांना थंडी वाजत होती, आणि त्यांच्या बोलीत टेपिश म्हणजे पांघरूण. त्याहून महत्त्वाचं, फूस म्हणजे पुस्तकात पाऊल, पण श्वेबिशमध्ये फूस कमरेपर्यंत जातो. कुणी म्हणालं, पडल्यापासून फूस दुखतोय, तर पावलाला बर्फ लावून परत फिरू नका, खुबा बघा. तुम्ही कोणत्या गावी जाणार ते कळलं की त्या भागातल्या रेडिओचे कार्यक्रम रोज अर्धा तास कानावर पडू द्या.

एक बदल ऐकायला साधा वाटेल. इथे तुम्ही सिस्टर असता. तिथे नर्सला श्वेस्टर, म्हणजे बहीण, म्हणायची पद्धत होती. २००४ पासून अधिकृत नावातून तो शब्द गेला. म्हातारे पेशंट अजून म्हणतात, पण बिल्ल्यावर आणि सहकाऱ्यांच्या पेशंटसमोरच्या बोलण्यात तुम्ही फ्राउ जाधव, फ्राउ कांबळे असता. मला पहिल्यांदा फ्राउ म्हणून हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

एजंट

याबद्दल मी सौम्यपणे लिहू शकत नाही. माझ्या मैत्रिणीने एका एजन्सीला एक लाख ऐंशी हजार रुपये दिले. वर करारात एक कलम होतं की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषाशिक्षणाचा आणि "प्रक्रियेचा" सगळा खर्च तिने युरोत परत द्यायचा. करार जर्मनमध्ये, तेव्हा तिची भाषा ए-टू, म्हणजे बी-वनच्याही खालची पायरी. घरमालकाशी आणि वॉर्डातल्या वागणुकीशी जमेना तरी ती त्या पैशांपायी तिथेच राहिली.

नर्सकडून पैसे घेण्याची गरजच नाही. जर्मनीत "न्याय्य भरती" असं सरकारी दर्जाचिन्ह आहे, ते मिळवणाऱ्या संस्थेला भरतीचा खर्च मालकावर टाकावा लागतो, उमेदवारावर नाही. जर्मन सरकारच्या संस्था स्वतः चालवत असलेली ट्रिपल विन नावाची योजनाही आहे, केरळ सरकारच्या नॉर्का या परदेशस्थ केरळी लोकांसाठीच्या संस्थेने त्यासाठी २०२१ मध्ये करार केला. भारताच्या बाजूला, परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि एजंटला घेता येणारं सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. यापुढचा आकडा कुणी सांगितला तर उठून या. फी रोखीत मागितली, मूळ कागद "सांभाळायला" मागितले, तरी उठून या.

मान्यतेची माहिती मिळवायलाही पैसे लागत नाहीत. जर्मन सरकारची मेक इट इन जर्मनी आणि अनेरकेनुंग इन डॉइचलांड ही दोन संकेतस्थळं आहेत. दुसऱ्यावर तुमचा व्यवसाय आणि गाव टाकलं की नेमकं कार्यालय आणि त्याचा पत्ता निघतो. एजंट जे "आतलं" म्हणून विकतात ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. मालक घाईत असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून ४११ युरो भरून वेगवान प्रक्रिया सुरू करू शकतो. मुलाखतीत हे जरूर विचारा. जो मालक ही प्रक्रिया करतो, राहायची सोय लेखी देतो आणि मान्यतेसाठी मार्गदर्शक नेमतो, त्याच्याकडे पगार शंभर युरो कमी असला तरी जावं.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

गोवराची लस किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा. १९७० नंतर जन्मलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना २०२० पासून तो सक्तीचा आहे. लहानपणीचं लसीकरण कार्ड बहुतेकांकडे नसतं, म्हणून रक्ताची तपासणी इथेच करा, हिपॅटायटिस बीच्या टायटरसहित, म्हणजे रक्तात त्याविरुद्ध किती प्रतिकारशक्ती आहे त्या तपासणीसहित. ज्यांना घरोघरी जाऊन शुश्रूषा करायची आहे त्यांना गाडी चालवता यायला हवी. भारतीय परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे तिथली परीक्षा. स्कूटीवर हात बसला म्हणून भागत नाही, गाडी शिका.

राजीनामा व्हिसा हातात पडल्यावरच द्या. व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाली म्हणून नोकरी सोडून सात महिने घरी बसलेल्या मुली मला माहीत आहेत. त्या सात महिन्यांत हाताची सवयही मोडते आणि भाषाही मागे पडते.

सांगलीच्या त्या मुलीशी नंतर दोनदा बोलणं झालं. तिच्या घरी आजी आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेली. मी म्हटलं, रोज सकाळी तिला अंघोळ घालताना प्रत्येक कृती आधी जर्मनमध्ये सांग, मग मराठीत विचार, आणि आजीला जे येतं ते तिलाच करू दे. आठवड्याने तिचा व्हॉइस मेसेज आला. पाण्याचा आवाज, मधेच आजी: "अगं, तोंड मीच पुसू तर तू कशाला आलीस?" तिचं जर्मन वाक्य जवळजवळ बरोबर होतं, एक क्रियापद मधे राहिलं होतं, ते मी शेवटी नेऊन परत पाठवलं. परवा तिने मेट्रनकडे अर्ज दिलाय, आयसीयूतून तीन महिने मेडिकल वॉर्डला बदली मिळावी म्हणून.